जीवनसत्त्व ‘अ’चे वाहक आणि त्यांची मोजदाद

ग्वाल्हेर शहराच्या लष्कर भागात दाल बाजार नावाची एक जुनी पेठ आहे. दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून हा भाग वसला, म्हणून त्याचे नाव लष्कर. तेथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आजही घरात मराठी बोलतात आणि दारात हिंदी. प्रस्तुत लेखकाचे आजोळ तेथलेच. बालपणी मे महिन्याच्या सुटीत मामांबरोबर दाल बाजारात जाण्याचा योग अनेकदा येत असे. डाळी, कडधान्ये, तूप, तेल, गूळ यांची घाऊक दुकाने, त्यांच्या पाठीमागे काळोखी गुदामे आणि गुदामांतून पाठीवर पोते घेऊन बाहेर पडणारे पल्लेदार, म्हणजे आपल्याकडील हमाल, असे ते दृश्य होते. दुकानाच्या उंबऱ्याशी मुनीमजी खतावणी घेऊन बसलेले असत. ते पोत्यांकडे पाहत नसत. पल्लेदाराच्या दंडावरील पितळी बिल्ल्याकडे दृष्टी टाकून ते कागदावर एक रेघ ओढीत. मी मामांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, “अरे, एका पाठीवर एकच पोते असते. माणसे मोजली की पोती मोजली गेली.”

हा हिशेब ज्या दिवशी चुकतो त्या दिवशी काय होते, हा प्रश्न त्या वयात मला सुचला नाही. पुढे आरोग्य विषयक प्रसिद्धीचे काम करताना मानवी रक्तातील एका प्रथिनाची माहिती वाचनात आली आणि मुनीमजींची ती खतावणी एकदम आठवली. हे प्रथिन जीवनसत्त्व ‘अ’ पाठीवर वाहून नेते, आणि शास्त्रज्ञ कित्येकदा जीवनसत्त्व न मोजता ते वाहणाऱ्या प्रथिनाचीच मोजदाद करतात. ही मोजदाद ज्या साधनाने होते त्यास प्रतिपिंड म्हणतात. ग्रामीण भागातील कुपोषणाची पाहणी, शाळकरी मुलांचा रातांधळेपणा आणि शासनाचा औषधखरेदीचा खर्च या तिन्हींशी या साधनाचा संबंध असल्यामुळे त्याची ओळख शिक्षक, ग्रामसेवक व कार्यालयीन अधिकारी यांना असणे इष्ट आहे. लेखक कला शाखेचा पदवीधर आहे. यास्तव जे जाणकारांकडून समजून घ्यावे लागले ते तितक्याच सोप्या शब्दांत मांडण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

गुदाम आणि पल्लेदार

जीवनसत्त्व ‘अ’ पाण्यात विरघळत नाही. ते स्निग्ध पदार्थांत विरघळते. शेवग्याचा पाला, मेथी, गाजर, पपई, आंबा यांतून मिळणारे पिवळे-नारिंगी द्रव्य आतड्यात नीट शोषले जाण्यासाठी जेवणात थोडे तेल अथवा तूप लागते ते याच कारणाने. लोणी, तूप, अंडी, यकृत यांतून हे जीवनसत्त्व तयार स्वरूपातच मिळते. शोषले गेलेले जीवनसत्त्व प्रथम स्निग्ध कणांबरोबर यकृताकडे जाते व तेथे साठविले जाते. यकृत हे त्याचे मुख्य गुदाम होय. निरोगी प्रौढाच्या यकृतात कित्येक महिने पुरेल इतका साठा असू शकतो.

डोळे, त्वचा, श्वासनलिकेचे अस्तर, वाढणारी हाडे या सर्वांस त्या साठ्यातून नित्य पुरवठा व्हावा लागतो. परंतु रक्त हे मुख्यतः पाणी, आणि हे जीवनसत्त्व पाण्याशी फटकून वागणारे. तेव्हा त्यास पाठीवर घेऊन रक्तातून नेणारे कोणीतरी हवे. हे काम करणारे प्रथिन मानवी रक्तरसातून वेगळे काढल्याचे अमेरिकेतील डॉ. डेविट गुडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ साली प्रसिद्ध केले. जीवनसत्त्व ‘अ’चे रक्तातील रूप म्हणजे रेटिनॉल; म्हणून या प्रथिनास रेटिनॉल-बंधक प्रथिन असे नाव मिळाले. या लेखात त्यास ‘वाहक प्रथिन’ असे म्हटले आहे. प्रौढ निरोगी माणसाच्या एक लिटर रक्तरसात ते साधारणतः ४० ते ६० मिलिग्रॅम असते.

या प्रथिनाची रचना पाहिली असता दाल बाजाराची आठवण का व्हावी हे ध्यानात येईल. त्याचा आकार एखाद्या लहानशा पेल्यासारखा असून पेल्याच्या पोकळीत रेटिनॉलचा एकच रेणू बसतो. एका पाठीवर एकच पोते, हा नियम येथेही आहे. दुसरा विशेष असा की, यकृतात तयार झालेले हे प्रथिन बहुतांशी रिकाम्या पाठीने बाहेर पडत नाही. गुदामात रेटिनॉल नसेल तर वाहक यकृतातच खोळंबून राहतात व रक्तातील त्यांची संख्या घटते. तिसरा विशेष म्हणजे रक्तात उतरल्यावर हा वाहक एकटा हिंडत नाही. ट्रान्सथायरेटिन नावाच्या एका मोठ्या प्रथिनास तो धरून असतो. एकटा वाहक इतका लहान की मूत्रपिंडाच्या चाळणीतून गळून जाईल. मोठ्या प्रथिनास धरल्यामुळे तो वाचतो. रेटिनॉल पेशीच्या स्वाधीन केल्यानंतर मात्र त्याची पकड ढिली होते आणि रिकामा वाहक मूत्रपिंडात जाऊन थोड्याच वेळात नाहीसा होतो. परिणामी निरोगी माणसाच्या रक्तात सापडणारे बहुतेक वाहक ओझे असलेले असतात.

यकृतात खोळंबलेल्या वाहकांवर एक हुशारीची परीक्षा योजण्यात आली आहे. प्रथम रक्ताचा नमुना घेऊन मुलास जीवनसत्त्वाची अल्प मात्रा देतात आणि पाच तासांनी पुन्हा नमुना घेतात. यकृतात साठा कमी असेल तर दाराशी थांबलेले वाहक मिळेल तो माल उचलून एकदम बाहेर पडतात व रक्तातील रेटिनॉल झपाट्याने चढते. साठा भरपूर असल्यास फारसा फरक पडत नाही. पाच तासांत वीस टक्क्यांहून अधिक वाढ दिसली तर साठा अपुरा समजावा, असा सामान्य निकष आहे. गावोगावी एका मुलाचे दोनदा रक्त काढणे हे मात्र किती कठीण, ते आरोग्यसेविकांना विचारावे.

माणसे मोजावी की पोती?

रक्तातील रेटिनॉल थेट मोजता येते. एक लिटर रक्तरसात ०.७० मायक्रोमोलपेक्षा, म्हणजेच शंभर मिलिलिटरमध्ये २० मायक्रोग्रॅमपेक्षा, कमी रेटिनॉल आढळल्यास कमतरता मानण्याची पद्धत आहे. पण त्यासाठी लागणारे यंत्र महाग आहे, ते चालविणारा मनुष्य प्रशिक्षित लागतो, आणि रेटिनॉल प्रकाशाने व उष्णतेने बिघडते. दूरच्या पाड्यावर सकाळी घेतलेला नमुना अंधारात व थंडीत ठेवून जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचविणे सोपे नव्हे. याउलट वाहक प्रथिन प्रकाशास बऱ्यापैकी दाद देत नाही. बोटाच्या टोकातून घेतलेल्या थोड्याशा रक्तावर त्याची परीक्षा होऊ शकते. २००४ साली युरगेन एरहार्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे तीस मायक्रोलिटर, म्हणजे एका थेंबाएवढ्या, नमुन्यातून हे वाहक प्रथिन, लोहाच्या स्थितीची दोन प्रथिने आणि दाह दर्शविणारे सी-प्रतिक्रियी प्रथिन अशी चार मोजमापे एकत्र करण्याची स्वस्त रीत प्रसिद्ध केली. पोषणविषयक पाहण्यांत ती पुढे बरीच वापरली गेली. मुनीमजींप्रमाणे येथेही पोत्यांऐवजी पल्लेदार मोजण्याचा मार्ग पत्करला गेला.

परंतु मुनीमजींजवळ डोळे होते. थेंबभर रक्तात हजारो प्रकारची प्रथिने असतात. त्यांतून नेमके एकच ओळखायचे कोणी?

बिल्ला ओळखणारे प्रतिपिंड

आपल्या शरीरात परके प्रथिन शिरले की त्याच्याशी नेमके जुळणारे प्रतिपिंड तयार होतात. सर्पदंशावरील लस घोड्यांच्या रक्तापासून होते हे महाराष्ट्रातील वाचकांस परळच्या हाफकिन संस्थेमुळे परिचित आहे. घोड्यास विषाच्या अत्यल्प मात्रा क्रमाने टोचतात. त्याच्या रक्तात विषास पकडणारे प्रतिपिंड निर्माण होतात व ते शुद्ध करून रुग्णास देतात. संशोधनासाठी लागणारे प्रतिपिंड याच तत्त्वावर होतात. फरक इतकाच की येथे ते उपचारासाठी नसून ओळख पटविण्यासाठी असतात. शुद्ध केलेले मानवी वाहक प्रथिन सशास अथवा बकरीस टोचले जाते. तिच्या रक्तात तयार झालेले प्रतिपिंड त्या प्रथिनाच्या पृष्ठभागावरील निरनिराळ्या लहान खुणा ओळखतात. येथे एक अडचण आहे. सशाचे स्वतःचे वाहक प्रथिन मानवी प्रथिनाशी पुष्कळ मिळतेजुळते असते, आणि आपल्यासारखे जे असते त्यास शरीर परके मानत नाही. तेव्हा जेथे फरक असेल तेवढ्याच खुणांवर प्रतिपिंड बनण्याचा संभव अधिक.

प्राण्यागणिक प्रतिपिंडांचे मिश्रण बदलते. एक बकरी मेली की तिच्याबरोबर तिचे प्रतिपिंडही गेले. हा प्रश्न केंब्रिज येथे जॉर्ज कोहलर आणि सीझर मिलस्टाइन यांनी १९७५ साली सोडविला. प्रतिपिंड करणारी पेशी व अमर्याद वाढणारी कर्कपेशी यांचा संयोग करून त्यांनी एकाच प्रकारचे प्रतिपिंड सतत देणारा पेशीवंश निर्माण केला. या कार्याबद्दल त्यांना नील्स येर्ने यांच्यासमवेत १९८४ चे नोबेल पारितोषिक लाभले. आता तर प्रतिपिंडाची रचना अक्षरशः लिहून ठेवून त्याबरहुकूम ते पेशींकडून बनवून घेता येते.

प्रत्यक्ष मोजणी कशी होते तेही पाहण्यासारखे आहे. हाताच्या पंजापेक्षा थोड्या मोठ्या पारदर्शक थाळीत शहाण्णव लहान खळगे असतात. खळग्याच्या तळास प्रतिपिंडाचा एक थर चिकटवून ठेवलेला असतो. त्यात रक्तरस टाकला की वाहक प्रथिने त्या थरास अडकतात व बाकी सर्व काही धुऊन टाकता येते. मग त्याच प्रथिनाची दुसरी खूण ओळखणारे दुसरे प्रतिपिंड घालतात. त्यास एक एंझाइम जोडलेले असते. शेवटी एक रसायन घातले की एंझाइममुळे रंग येतो. रंग जितका गडद, तितके वाहक अधिक. ज्ञात प्रमाणाच्या नमुन्यांशी ताडून आकडा काढला जातो. एलायझा या नावाने ओळखली जाणारी ही रीत १९७१ मध्ये स्टॉकहोम येथील एव्हा एंगव्हाल आणि पीटर पर्लमन यांनी मांडली. त्याच सुमारास हॉलंडमध्येही तिचा स्वतंत्रपणे शोध लागला. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ती एकदा पाहण्याची संधी मला मिळाली. पिवळ्या रंगाच्या फिकट-गडद छटांनी भरलेली ती थाळी पाहून डाळीच्या वाणाच्या नमुन्यांची आठवण झाली, हे येथे कबूल करतो.

परखी बिघडली तर?

दाल बाजारात पोते उघडण्यापूर्वी व्यापारी लोखंडाची एक टोकदार, पोकळ नळी त्यात खुपसून मूठभर धान्य बाहेर काढतात. तिला तेथे परखी म्हणतात. पोत्याची किंमत परखीत आलेल्या दाण्यांवरून ठरते. खरेदीदार कितीही धोरणी असला तरी नळी केवळ वरच्याच थरात गेली असेल तर तो फसणारच. प्रतिपिंडाचेही असेच आहे, आणि या लेखाचा मुख्य विषय हाच आहे.

प्रतिपिंड संपूर्ण प्रथिन ओळखत नाही. ते त्याच्या पृष्ठभागावरील एक लहानशी खूण, म्हणजे पल्लेदाराच्या दंडावरील बिल्ला, ओळखते. तसाच बिल्ला दुसऱ्या कोणाच्या दंडावर असला तर मुनीमजी त्याचीही रेघ ओढतील. बिल्ला उपरण्याखाली झाकला गेला तर खरा पल्लेदारही मोजणीतून सुटेल. वाहक प्रथिन ट्रान्सथायरेटिनला धरून असताना त्याची काही बाजू झाकली जाते, हे वर सांगितलेच आहे. शिवाय प्रयोगशाळेच्या एका पद्धतीत प्रथिन घडी घातलेल्या मूळ आकारात असते, तर दुसऱ्या पद्धतीत ते उलगडून सरळ केलेले असते. एका पद्धतीत उत्तम ठरलेले प्रतिपिंड दुसऱ्या पद्धतीत आंधळे ठरू शकते. बाटलीवरील चिठ्ठी मात्र दोन्ही ठिकाणी तीच.

या वाहक प्रथिनाच्या बाबतीत असे घडलेले आहे. २००५ साली अमेरिकेतील बोस्टन येथील डॉ. बार्बरा कान यांच्या चमूने या प्रथिनाचा मधुमेहाशी संबंध दर्शविला: इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही अशा प्राण्यांत व माणसांत हे प्रथिन वाढलेले आढळले. साहजिकच जगभर त्याच्या मोजणीची एकच धांदल उडाली. कोणास वाढ दिसली, कोणास दिसली नाही. तेव्हा २००७ साली त्याच चमूने व त्यांच्या सहकाऱ्यांनी बाजारात मिळणारे मोजणीसंच समोरासमोर ठेवले. एकाच व्यक्तींच्या रक्तावर निरनिराळ्या संचांनी निरनिराळी उत्तरे दिली. प्रथिने विद्युत्प्रवाहाने वेगवेगळी करून मग प्रतिपिंडाने ओळखण्याच्या पद्धतीत जो फरक स्पष्ट दिसत होता, तो काही संचांना दिसलाच नाही. काही संच वरच्या प्रमाणात जणू भरून जात, म्हणजे मुनीमजींचा कागद संपल्यावर आलेले पल्लेदार नोंदविलेच जात नसत. रक्त कोणत्या द्रव्याच्या नळीत गोळा केले यानेही आकडा बदलत होता. अनेक प्रबंधांतील मतभेद रोग्यांमुळे होते की परखीमुळे, हे सांगणे अवघड होऊन बसले.

हे उदाहरण एकटे नव्हे. २०१५ साली अँड्र्यू ब्रॅडबरी आणि आंद्रेआस प्लुक्थुन यांनी शंभराहून अधिक शास्त्रज्ञांच्या पाठिंब्यासह ‘नेचर’ या नियतकालिकात लिहिलेल्या टिपणात असा अंदाज दिला की, निकृष्ट प्रतिपिंडांवर जगात दरवर्षी सुमारे ८० कोटी डॉलर वाया जातात. नेमकी रचना ज्ञात असलेलीच प्रतिपिंडे वापरावीत, असा त्यांचा आग्रह होता. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तपासणीत मज्जासंस्थेशी संबंधित ६५ प्रथिनांसाठी विकली जाणारी ६१४ प्रतिपिंडे पारखण्यात आली. त्यांतील बरीचशी एका ना एका परीक्षेत नापास झाली.

तपासणीचा खरा मार्ग कोणता? सर्वांत भरवशाची युक्ती अशी की, ज्या पेशीतून त्या प्रथिनाचे जनुकच काढून टाकले आहे ती पेशी घ्यावी व प्रतिपिंड तेथे गप्प बसते की नाही ते पाहावे. गुदामात पल्लेदारच नसताना मुनीमजी रेघा ओढीत असतील, तर त्यांच्या आधीच्या सर्व रेघा संशयास्पद ठरतात. २०१६ साली शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने अशी पाच प्रकारची परीक्षणे सुचविली. प्रतिपिंडावर मुळीच अवलंबून नसलेल्या दुसऱ्या पद्धतीशी आकडे ताडणे आणि त्याच प्रथिनाची वेगळी खूण ओळखणाऱ्या स्वतंत्र प्रतिपिंडाने पडताळा घेणे या दोन त्यांतीलच.

वाहक प्रथिनाच्या बाबतीत निसर्गानेच एकदा ही परीक्षा मांडून ठेवली होती. १९९९ साली जर्मनीतील दोन बहिणींची नोंद वैद्यकीय साहित्यात आली. त्यांच्या या प्रथिनाच्या जनुकाच्या दोन्ही प्रतींत दोष होता व त्यांच्या रक्तरसात हे प्रथिन सापडलेच नाही. दोघींना संध्याकाळनंतर नीट दिसत नसे व मुरुमांचा त्रास होता. तथापि त्यांची वाढ सर्वसाधारण झालेली होती. वाहक नसताना बाकीचे शरीर कसे तगले? जेवणानंतर आतड्यातून निघणाऱ्या स्निग्ध कणांबरोबर थोडे जीवनसत्त्व परस्पर पेशींस मिळते, असा त्याचा उलगडा करतात. गुदामाचे दार बंद असताना किरकोळ दुकानातून घर चालावे तसा हा प्रकार. डोळ्यांस मात्र ती किरकोळ खरेदी पुरली नाही.

आकडा खरा असला तरी

समजा, प्रतिपिंड चोख आहे व आकडाही बिनचूक आहे. तरीही पल्लेदार कमी म्हणजे गुदाम रिकामे, असा निष्कर्ष घाईने काढता येत नाही.

ताप, गोवर, अतिसार यांत यकृत दाहाशी संबंधित प्रथिने करण्यात गुंतते व वाहक प्रथिनाचे उत्पादन तात्पुरते कमी करते. अशा आठवड्यात घेतलेला नमुना कमतरता नसताना कमतरता दाखवील. याच कारणास्तव चांगल्या पाहणीत सी-प्रतिक्रियी प्रथिन बरोबर मोजतात. केंद्र शासनाच्या २०१६-१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात रक्तातील रेटिनॉल मोजताना दाहाची खूण आढळलेल्या मुलांचा विचार वेगळा केला गेला. त्या पाहणीनुसार एक ते चार वर्षे वयोगटात १८ टक्के, पाच ते नऊ वयोगटात २२ टक्के आणि दहा ते एकोणीस वयोगटात १६ टक्के मुलांत या जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. मूत्रपिंडाच्या जुनाट विकारात नेमके उलटे होते: रिकामे वाहक बाहेर न पडता रक्तात साचतात आणि बिल्ले मोजणाऱ्यास बाजार गजबजलेला दिसतो.

सर्वांत बोधप्रद प्रकार प्रथिनांच्या उपासमारीचा आहे, आणि येथे दाल बाजाराचा संबंध केवळ उपमेपुरता राहत नाही. वाहक हे स्वतःच एक प्रथिन आहे. आहारात डाळ, दूध, अंडे, मांस यांचा दुष्काळ असेल तर यकृतास वाहक घडविण्यासाठी कच्चा मालच मिळत नाही. १९७३ साली इजिप्तमधील तीव्र कुपोषित बालकांवरील अभ्यासात त्यांच्या रक्तातील रेटिनॉल व वाहक प्रथिन ही दोन्ही फार कमी असल्याचे दिसले. त्यांस प्रथिने व उष्मांक असलेला आहार दिल्यावर, जीवनसत्त्व ‘अ’ची वेगळी मात्रा न देताही, कित्येकांत दोन्ही वाढली. माल गुदामात होता, पल्लेदार नव्हते. मात्र याची दुसरी बाजूही जाणकार बजावून सांगतात. ज्या बालकाच्या यकृतात साठा जवळजवळ संपलेला आहे त्यास केवळ प्रथिने भरपूर दिली, तर वाढीस लागलेले शरीर उरलासुरला साठा झपाट्याने संपवते आणि डोळ्यांस इजा होण्याचा धोका वाढतो. म्हणून तीव्र कुपोषित बालकाच्या उपचारात दोन्हींचा विचार वैद्यकीय अधिकाऱ्याने एकत्र करावयाचा असतो.

कार्यालयाने काय पाहावे

काही प्रतिपिंडांच्या बाटलीवर ‘केवळ संशोधनासाठी’ असे छापलेले असते. ही औपचारिकता नव्हे. निदानासाठी वापरावयाचे संच आपल्याकडे वैद्यकीय उपकरणे नियम, २०१७ खाली येतात व त्यांस परवाना लागतो; संशोधनाच्या बाटलीने ती परीक्षा दिलेली नसते. स्वस्त मिळाली म्हणून अशी बाटली घेऊन एखाद्या मुलाच्या शाळेच्या आरोग्यपत्रकावर ‘कमतरता आहे’ किंवा ‘नाही’ असा शेरा मारणे सर्वस्वी अनुचित होय. रक्ततपासणीवर भलता भरवसा ठेवल्याने काय होते याचा अनुभव क्षयरोगाने दिलेला आहे. रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडांवरून क्षयाचे निदान करणारे संच खाजगी क्षेत्रात सर्रास वापरले जात. ते विश्वासार्ह नसल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली जाहीर केले आणि २०१२ साली केंद्र शासनाने त्यांची आयात, उत्पादन व विक्री यांवर बंदी घातली. तोवर क्षय नसलेल्या कित्येकांनी महिनोन् महिने औषधे घेतली असतील व क्षय असलेले कित्येक मोकळे फिरले असतील.

वाहक प्रथिनाची मोजणी ही मुख्यतः समाजाचे चित्र काढण्यासाठी उपयोगी आहे: अमुक तालुक्यात कमतरता किती पसरली आहे, मागील पाहणीपेक्षा ती घटली की वाढली. अशा पाहणीचा प्रस्ताव कार्यालयात आला असता संबंधितांनी विचारावे की, कोणते प्रतिपिंड वापरणार, त्याचा पडताळा कोणी व कोणत्या पद्धतीने घेतला, काही नमुन्यांवर रेटिनॉल थेट मोजून दोन्ही आकडे जुळविले जाणार आहेत काय, आणि दाहाची खूण बरोबर मोजली जाणार आहे काय. उत्तरे तयार नसतील तर प्रस्ताव परत पाठविण्यास संकोच बाळगू नये. थोड्या नमुन्यांवरील थेट मोजणीचा खर्च सबंध पाहणी वाया जाण्यापेक्षा खचितच कमी असतो.

शाळेच्या अंगणात

शिक्षकांच्या हाती थाळी नाही, प्रतिपिंड नाही. पण त्यांच्याजवळ एक जुनी परखी आहे. दिवेलागणीस खेळताना मूल अडखळते काय, आईने हाक मारली असता अंधाऱ्या खोलीत भिंत धरून येते काय, ताटातील पदार्थ चाचपडते काय, हे पालकांस विचारावे. ‘रातांधळेपणा’ हा शब्द सर्वांस ठाऊक असतो, तरी घरोघरी त्यास निराळी नावे असतात. तीच वापरून विचारले तर उत्तर चटकन मिळते. बुबुळाच्या बाजूस पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखा ठिपका दिसल्यास तो जरूर नोंदवावा.

जीवनसत्त्व ‘अ’ची मात्रा देण्याचा कार्यक्रम आपल्या देशात १९७० साली सुरू झाला. प्रचलित वेळापत्रकानुसार नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर एक लाख एकक, आणि त्यानंतर पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाख एकक, अशा एकूण नऊ मात्रा, म्हणजे सतरा लाख एकक, दिल्या जातात. माता व बाल संरक्षण कार्डावर त्यांच्या तारखा लिहिलेल्या असतात. अंगणवाडीत येणाऱ्या भावंडांची कार्डे पाहून राहिलेल्या मात्रा शोधणे हे शिक्षक व सेविका यांनी मिळून सहज करण्याजोगे काम आहे. मधल्या सुटीच्या भोजनात डाळीबरोबर हिरवी पालेभाजी असावी व ती तेलाच्या फोडणीशिवाय शिजवू नये. डाळीतून वाहक मिळतात, भाजीतून माल, आणि तेलावाचून तो माल आतड्यातून उचलला जात नाही.

रातांधळेपणाची लक्षणे असलेले मूल आढळल्यास त्याच दिवशी त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. उपचाराची मात्रा वैद्यकीय अधिकारी ठरवतील. त्यासाठी कोणत्याही रक्ततपासणीचा अहवाल येण्याची वाट पाहू नये.